वाचकांचे प्रश्न : परसात मुलांसाठी खेळायची जागा

उन्हाळ्याची सुटी जवळ आल्यामुळे या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. घराच्या परसात मुलांसाठी झोका, वाळूचा हौद किंवा चढण्या-घसरण्याची सोय करायची आहे, ती कशी करावी, असे अनेकांनी विचारले आहे. त्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचे घर आहे. परसात एक जुना रायवळ आंबा, दोन फणस आणि चार माड आहेत. मे महिन्यात चार ते बारा वयाची पाच नातवंडे येतात. आंब्याच्या फांदीला काथ्याचा दोर आणि सागवानी पाट बांधून झोका करावा, असा विचार आहे. शेजारी म्हणतात की नायलॉनचा दोर घ्या. कोणता दोर चांगला? फांदी भार पेलेल की नाही, हे कसे ओळखावे? (एक आजोबा)

उत्तर : दोराकडे आपण शेवटी येऊ, आधी झाड नीट पाहावे. रायवळ आंबा मोठा असतो, परंतु जुन्या झाडाचे लाकूड आतून शाबूत असेलच असे धरून चालता येत नाही. बुंध्याशी किंवा फांद्यांच्या बेचक्यात लाकडाचा ओलसर भुसा सांडलेला दिसला, तर आत भिरूड शिरले आहे असे समजावे. त्याची अळी लाकूड पोखरत जाते आणि वरची पाने मात्र बराच काळ हिरवी राहतात, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. फांदीवर बांडगूळ असेल तर तीही सोडून द्यावी. मग शिडी लावून फांदीवर कोयत्याच्या मुठीने जागोजागी ठोकून पाहावे. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ लाकडाचा बद्द आवाज यांतला फरक आपल्या कानाला नक्की कळेल. दोर जेथे बांधायचा तेथे फांदीची जाडी किमान आठ इंच असावी, ती जिवंत आणि शक्य तितकी आडवी असावी, आणि झोका खोडापासून चार-पाच फुटांवर लोंबावा, म्हणजे हेलकावा घेताना मूल खोडावर आपटणार नाही.

आंब्याबद्दल शंका वाटली तर फणस पाहावा. फणसाचे लाकूड चिवट असते. अडचण एवढीच की आपली नातवंडे येतात तेव्हाच फणस लगडलेला असतो, आणि झोक्याच्या वरच्या बाजूला दहा-पंधरा किलोचे फळ लटकत ठेवणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. ती फळे भाजीसाठी कोवळीच उतरवून घ्यावीत. माडांच्या मधोमध किंवा माडाखाली मात्र झोका बांधूच नये, कारण नारळ आणि सुकलेली झावळी कधी पडेल याचा नेम नसतो. याच विषयावर लिहिणाऱ्या इतर वाचकांसाठी येथेच सांगतो की शेवगा, पांगारा, गुलमोहर आणि जांभूळ यांच्या फांद्यांवर मुलांचा भार टाकू नये. ही लाकडे फारशी पूर्वसूचना न देता मोडतात. चिंचेची निरोगी फांदी असेल तर ती विश्वासाची आहे.

आता भाराचा हिशेब. झोका उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत वर गेला, तर खालून जाताना दोरांवर बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट ताण येतो. पंचवीस किलोच्या मुलासाठी तो पन्नास किलो झाला, आणि हे काही फार नाही. परंतु परसातल्या झोक्यावर नेहमी एकटे मूलच बसते असे होत नाही. दोन भावंडे एकमेकांसमोर उभी राहून झोके घेतात, संध्याकाळी सत्तर किलोचा मामाही हौसेने बसतो, आणि मग तोच ताण १४० किलोंवर जातो. शिवाय झटके बसतात आणि दोर झिजतो. म्हणून दोर आणि अडकवण्याचे सामान या ताणाच्या किमान पाचपट, म्हणजे सातशे किलो तरी पेलणारे घ्यावे.

झोका फक्त सुटीपुरता असेल तर फांदीला जुन्या ट्यूबची किंवा गोणपाटाची जाड घडी गुंडाळून तिच्यावर दोराचे वेढे घ्यावेत आणि पावसाआधी सारे सोडवून ठेवावे. वर्षानुवर्षे ठेवायचा असेल तर वेढे नकोत. फांदी जाड होत जाते, वेढा मात्र तेवढाच राहतो, सालीखालून वाहणारा अन्नरस अडतो आणि फांदी त्याच जागी वाळू लागते. त्यापेक्षा फांदीच्या मध्यातून उभे, आरपार भोक पाडून चार सुती (अर्धा इंच) जाडीचा आय बोल्ट, म्हणजे एका टोकाला गोल कडी असलेला बोल्ट, खालून वर घालावा आणि वर रुंद वॉशर व दोन नट बसवावेत. असे दोन बोल्ट, बैठकीच्या रुंदीपेक्षा थोडे अधिक अंतर ठेवून. एवढी जखम झाड भरून काढते. बोल्टला दोर थेट न बांधता बंद तोंडाच्या शॅकलमध्ये, म्हणजे आडव्या खिळीने बंद होणाऱ्या लोखंडी कडीत, अडकवावा. उघड्या तोंडाची आकडी हेलकाव्याने निसटू शकते.

काथ्याचा दोर हाताला चांगला लागतो, परंतु तो आतून कुजतो. पीळ थोडा उलगडून पाहावा. आतून भुकटी पडली तर तो दोर विहिरीच्या कळशीलाही वापरू नये. नायलॉन मजबूत असले तरी ताणले जाते आणि उन्हात दुबळे होते. बाजारात मिळणारा रंगीत प्लास्टिकचा स्वस्त दोर तर त्याहून लवकर खराब होतो. त्याच्यावर पांढुरकी कुसळे दिसू लागली की तो टाकावा. पॉलिएस्टरचा १२ ते १६ मिलिमीटर जाडीचा दोर ऊन अधिक सोसतो आणि तोच घ्यावा, असे मी सुचवीन. साखळी घेतलीत तर हात धरण्याच्या उंचीवर तिच्यावर पाण्याच्या नळीचा तुकडा ओवावा, म्हणजे बोटे चिमटणार नाहीत. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा दिलेली साखळीही गंजते, हे लक्षात ठेवून दर महिन्याला कडी न् कडी पाहावी.

सागवानी पाटाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे : तो मुलांच्या झोक्याला नको. रिकामा पाट मागे येतो तेव्हा त्याची कड नेमकी चार वर्षांच्या मुलाच्या कपाळाच्या उंचीवर असते. पाट पडवीतल्या झोपाळ्यासाठी ठेवावा आणि येथे रबरी पट्ट्याची किंवा जाड कॅनव्हासची बैठक लावावी. ती जमिनीपासून सव्वा ते दीड फुटावर असावी, म्हणजे मूल स्वतः बसेल आणि स्वतः पाय टेकून थांबेल.

जागेचा हिशेब बहुतेक जण विसरतात. झोका आठ फूट उंचीवरून टांगला असेल, तर पुढे सोळा आणि मागे सोळा फूट जागा पूर्ण मोकळी हवी, आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट. या पट्ट्यात गडगा, तुळशीवृंदावन, धुणे वाळत घालण्याची तार किंवा विहिरीचा कठडा यांपैकी काही येत असेल, तर झाड कितीही चांगले असले तरी दुसरी जागा शोधावी. विहीर परसात कोठेही असली तरी सुटीपूर्वी तिच्यावर कुलूप लागणारी लोखंडी जाळी बसवून घ्यावी.

राहिली जमीन, आणि या सगळ्यात मी तिलाच सर्वाधिक महत्त्व देतो. मुले पडणारच. ती कशावर पडतात यावर खरचटेल की हाड मोडेल हे ठरते. जांभ्याचा कातळ, फरशी, कोबा किंवा चोपून टणक केलेले अंगण यांवर तीन-चार फुटांवरूनही डोक्याला गंभीर मार लागू शकतो. झोक्याखाली आणि त्याच्या पुढे-मागे नऊ ते बारा इंच जाडीचा सैल वाळूचा थर द्यावा. खोदताना झाडाची जाड मुळे तोडू नयेत. मुळे वर असतील तर चिऱ्यांची पुरलेली, कडा न दिसणारी मर्यादा घालून वाळू वरच पसरावी, मात्र ती खोडाला भिडू देऊ नये. मुलांच्या पायांनी बैठकीखालची वाळू बाजूला सरते आणि नेमका तेथेच खड्डा पडतो. आठवड्यातून एकदा फावड्याने ती परत ओढावी.

मृग लागण्याआधी झोका उतरवावा. नागपंचमीला लेकी-सुनांसाठी पुन्हा बांधायची आपल्याकडे रीत आहे, आणि ती अवश्य पाळावी; फक्त श्रावणात फांदी पाण्याने जड आणि निसरडी झालेली असते, म्हणून वर सांगितलेली सारी तपासणी त्या दिवशी नव्याने करावी.

प्रश्न : आमच्या घराला झाड नाही. शेडच्या लोखंडी आडव्या पाइपला जुन्या साडीचा झोका बांधला आहे. सात वर्षांची मुलगी त्यात दुपारभर रमते. साडी मजबूत आहे. आणखी काही काळजी घ्यावी का? (एक आई, इचलकरंजी)

उत्तर : ताई, हे पत्र वाचल्यावर तो झोका आजच सोडावा, अशी कळकळीची विनंती आहे. साडी फाटण्याचा धोका येथे गौण आहे. तान्ह्या बाळाच्या झोळीजवळ कोणीतरी सतत असते, मोठे मूल मात्र एकटे खेळते. ते गोल गोल फिरून साडीला पीळ देते, मान आत असताना पीळ आवळला जातो, आणि मूल ओरडूही शकत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. त्याच पाइपला, तो भिंतीत नीट गाडलेला असल्याची खात्री करून, दोन वेगळ्या साखळ्यांवर रबरी बैठक टांगावी आणि खालची जमीन मऊ करावी. कोणत्याही झोक्यावर किंवा घसरगुंडीवर जाण्यापूर्वी मुलीची ओढणी, गळ्यातला ताईत किंवा काळा दोरा काढून ठेवण्याची सवय लावावी.

प्रश्न : तीन आणि पाच वर्षांच्या नातवांसाठी बंगल्याच्या मागे वाळूचा हौद करायचा आहे. सुनेचे म्हणणे आहे की मांजरे घाण करतील आणि पावसात डबके होईल. गवंडी म्हणतो की खाली कोबा करून क्रश सँड भरू. (एक आजी, सांगली)

उत्तर : सूनबाईंच्या दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींवर उपाय आहे. गवंडीदादांच्या दोन्ही सूचना मात्र बाजूला ठेवाव्यात.

खाली कोबा केला की हौदाची टाकी होते. त्याऐवजी सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद जागा दीड फूट खोल खोदावी, तळाशी सहा इंच खडी पसरावी, तिच्यावर शेडनेटचे दोन पदर अंथरावेत आणि मग एक फूट वाळू भरावी. पाणी खडीतून जमिनीत मुरते आणि नेटमुळे वाळू खडीत उतरत नाही. सांगलीच्या काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून हौद परसातल्या उंच बाजूला घ्यावा आणि खडीच्या थरातून बाहेर पाइपचा एक तुकडा उताराकडे काढावा. कडेला विटांचे नऊ इंची बांधकाम करून वरच्या कडा गोल घोटून घ्याव्यात; मुले त्या कठड्यावर बसून खेळतात आणि आजीलाही टेकायला जागा होते.

वाळू किती लागेल? सहा गुणिले पाच गुणिले एक, म्हणजे तीस घनफूट. ब्रास शंभर घनफुटांचा असतो, तेव्हा पाव ब्रासापेक्षा थोडी अधिक पुरे. क्रश सँड म्हणजे दगड दळून केलेली वाळू. तिचे कण टोकदार असतात आणि तिच्यातली दगडाची पूड वाऱ्याने उडून मुलांच्या नाकातोंडात जाते. नदीची चाळलेली वाळू परवानाधारकाकडून पावतीसह घ्यावी आणि भरण्यापूर्वी एकदा पारखावी. काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत वाळू, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवावे आणि तासभर ठेवावे. वाळू खाली बसते आणि गाळाचा थर तिच्यावर वेगळा दिसतो. तो थर वाळूच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याहून जाड असेल तर वाळू धुऊन घ्यावी. हेच पत्र कोकणातून कोणी लिहिले असते, तर समुद्रकिनाऱ्यावरची वाळू उचलू नका, असेही सांगावे लागले असते. किनारपट्टीच्या नियमांनुसार तिचे उत्खनन करता येत नाही.

मांजरांचा प्रश्न गंभीर आहे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचे जंतू पसरतात, ते ओल्या मातीत कित्येक महिने टिकतात, आणि गर्भवती स्त्रीच्या बाळाला त्यांचा धोका असतो. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतील अंकुशकृमींच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतूनही आत शिरतात. उपाय एकच : खेळ संपला की झाकण. लाकडी चौकटीला बारीक जाळी ठोकून दोन पानांचे झाकण करावे. ताडपत्री सतत घालून ठेवू नये; तिच्याखाली वाळू घुसमटते आणि वास मारू लागते. ताडपत्री केवळ मुसळधार पावसापुरती. वाळू दर आठवड्याला उपसून उन्हात पालथी करावी, शक्य तर वर्षाने बदलावी, आणि खेळून झाल्यावर जेवण्याआधी हात साबणाने धुण्यात कधीही सूट देऊ नये.

हौदाशेजारी पाण्याची एक छोटी बादली अवश्य ठेवावी. कोरड्या वाळूचा ढीग होतो, आकार होत नाही; कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा आला की ती एकमेकांना धरते, आणि मग बोगदे, वाडे, नद्या सुरू होतात. किती पाणी घातले की भिंत उभी राहते आणि किती घातले की ती ढासळते, हे तीन वर्षांचे मूल स्वतःच शोधून काढते, आणि त्या वेळी मोठ्यांनी मध्ये बोलू नये असे मला मनापासून वाटते. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १८८५ साली गरीब वस्तीतल्या मुलांसाठी सार्वजनिक खेळाची जागा करायची ठरली, तेव्हा बर्लिनमधील प्रथा पाहून तेथे आधी वाळूचाच ढीग टाकला गेला होता. इतक्या साध्या गोष्टीने मुले तासन्‌तास रमतात, हे तेव्हाच कळलेले आहे.

प्रश्न : अकोल्याला आमच्या प्लॉटवर चार खांबांवर पाच फूट उंच मचाण, शिडी आणि पत्र्याची घसरगुंडी करून घेत आहे. मुले चार आणि आठ वर्षांची आहेत. वेल्डरला काय सांगावे? (एक वडील)

उत्तर : पहिली गोष्ट, पत्रा नको. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हात पत्र्याने मांड्या भाजतात. जाड फायबरची घसरगुंडी घ्यावी, तीही उत्तरेकडे तोंड करून किंवा कडुनिंबाच्या सावलीत. दुपारी तीही तापते, म्हणून मूल बसण्याआधी आपला तळहात ठेवून पाहावा.

दुसरी गोष्ट कठड्याच्या गजांची. साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान अशी कोणतीही फट ठेवू नये, असे वेल्डरला मोजून सांगावे. मूल पाय आधी घालून अशा फटीतून खाली सरकते, धड निघून जाते आणि डोके अडकते. शिडीच्या पायऱ्यांमधल्या फटींनाही हाच नियम आहे. कठडा उभ्या गजांचा असावा. आडवे गज म्हणजे मुलांसाठी दुसरी शिडीच. खांबांचे पाइप जमिनीत दोन फूट गाडून काँक्रीट करावे आणि काँक्रीटचा माथा वाळूखाली दडेल इतका खोल ठेवावा.

चार वर्षांच्या मुलाला उचलून मचाणावर ठेवू नये. जे मूल स्वतः चढू शकते, ते बहुधा स्वतः उतरूही शकते. उचलून ठेवलेले मूल वर घाबरते आणि चुकीच्या जागेवरून उडी मारते. त्याच्यासाठी दोन फुटांवर एक मधला टप्पा करून द्यावा. धाकट्याला मांडीवर घेऊन मोठ्यांनी घसरणे ही प्रेमाने केली जाणारी, परंतु धोक्याची गोष्ट आहे. मुलाचा बूट कडेला अडकतो, मागून मोठ्या माणसाचे वजन येते आणि नडगीचे हाड मोडते.

प्रश्न : जुने टायर रंगवून परसात अर्धे पुरले तर चालतील का? (एक शिक्षिका, जालना)

उत्तर : चालतील. आतून स्टीलच्या तारा बाहेर आलेले टायर मात्र घेऊ नयेत. टायरच्या पोकळीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो, म्हणून पुरण्यापूर्वी ड्रिलने मोठी भोके पाडावीत, पुरलेला भाग मातीने गच्च भरावा, आणि टांगलेल्या टायरच्या तळाशीही भोके असावीत. पावसाळ्यात घरातल्या हौद-पिंपांबरोबर टायरचाही आठवड्याचा कोरडा दिवस पाळावा.

प्रश्न : मुलांसाठी मोठा खर्च करून तयार खेळणी-संच आणला. आठवडाभर खेळली. आता बांधकामाच्या उरलेल्या विटा, बांबू आणि पोती ओढून परसाच्या कोपऱ्यात काहीतरी रचत असतात. संच पडून आहे. रागवावे की काय करावे? (एक वडील, सातारा)

उत्तर : रागवू नये, तो कोपरा त्यांना द्यावा. कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे १९४३ साली, डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना, अशा टाकाऊ सामानाचे एक क्रीडांगण सुरू झाले. त्याची कल्पना सोरेन्सन या उद्यानरचनाकाराची होती. आपण आखलेल्या देखण्या क्रीडांगणांपेक्षा मुले बांधकामाच्या जागांवर अधिक रमतात, हे त्यांनी पाहिले होते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला ते वाढवले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी दगड, शिंपले, बिया असे आसपास मिळणारे सामानच मुलांच्या हाती दिले. आपली मुले तेच करत आहेत.

आपण करायचे ते इतकेच. पूर्ण विटांऐवजी अर्धे तुकडे द्यावेत, म्हणजे पायावर पडल्यास मार कमी लागेल. बांबू चार फुटांहून लांब नको, आणि कापलेली टोके कानसीने घासावीत, कारण बांबूची कूस बोटात खोल जाते. फळ्यांतले खिळे एक एक करून काढावेत. विटांचा ढीग छातीच्या वर जाऊ देऊ नये. पावसाळ्यात ढिगाखाली विंचू आणि साप आसरा घेतात, म्हणून जूनमध्ये सारे सामान उचलून लाकडी घोडीवर कोरड्या जागी रचावे आणि दसऱ्याच्या सुमारास, हातात काठी घेऊन स्वतः हलवून, मग मुलांना द्यावे.

तोवर दिवाळीचा किल्ला जवळ आलेला असतो. या वेळी तो याच कोपऱ्यात होऊ द्यावा : विटांच्या उतरंडीवर गोणपाट, त्यावर लाल मातीचा राडा, उतारावर पेरलेले अळीव. एक पाटी माती आणि पाण्याची झारी आणून ठेवावी, आणि बुरूज कोठे असावा हे मुलांनाच ठरवू द्यावे. तयार संचाची शिडी तोवर गंजली नसेल, तर बहुधा तीही किल्ल्याच्या कामाला लागेल.